क्लचवरचा पाय

१

जळालेला बेल्ट मी लगेच फेकत नाही. आधी टेबलावर आडवा टाकतो, चष्मा लावतो आणि वाचतो. लोक हसतात, पण बेल्ट वाचता येतो. एका कडेने कुरतडला असेल तर पुल्या एका रेषेत नसतात. मधेच फाटला असेल तर खडा गेलेला असतो. आणि दोन्ही उतरत्या बाजू काचेसारख्या चकाकत असतील, बोट लावलं की काळं येत असेल, तर बेल्टचा काही गुन्हा नसतो. चालवणाऱ्याचा डावा पाय सतत क्लचवर अर्धवट ठेवलेला असतो, एवढंच.

काळेवाडीत माझं दुकान आहे. गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप, छोटे जनरेटर, असलं सगळं माझ्याकडे येतं. माझं नाव बुद्धभूषण, पण गिऱ्हाइकं भूषण मिस्तरी म्हणतात. वडील पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते. आमच्या घरात भूत या शब्दाला उंबऱ्याच्या आत यायची परवानगी नव्हती. लहानपणी मी अंधाराला घाबरलो की वडील बॅटरी हातात देत आणि म्हणत, जा, बघून ये, काय आहे ते मला येऊन सांग. आजवर मी तेच करत आलो. आता विहारात दर रविवारी मुलांना हेच शिकवतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला जरा गर्वच आहे.

तर महाळुंग्याच्या एका कंपनीत जुना गार्डन ट्रॅक्टर आहे. बसून चालवायचं, पोटाखाली पाती असलेलं, लॉन कापायचं मशीन. सहा आठवड्यांत त्याचा तिसरा बेल्ट माझ्या टेबलावर आला. तिन्ही बेल्ट चकाकत होते.

कंपनीच्या ॲडमिनच्या नेहा मॅडमचा फोन आला. "भूषणजी, मला क्लिअर सांगा. प्रॉब्लेम मशीनचा आहे की माणसाचा?"

"माणसाचा," मी म्हणालो. विचारसुद्धा केला नाही. "नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गोष्ट आहे मॅडम."

"ओके. मग शेवटचं एकदा रिपेअर करा. परत बेल्ट गेला तर मशीन भंगारात आणि लॉन बाहेरच्या एजन्सीला. खंडूला मी घरी पाठवते."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवून चहा मागवला.

२

मंगळवारी सकाळी पट्टे, स्प्रिंगा, पाने घेऊन महाळुंग्याला गेलो. कंपनीच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे, तिच्यासमोर दीड एकराचं लॉन. शेडमध्ये खत, पाइपांची वेटोळी, आणि मधोमध ते मशीन. खंडूदादा दारातच उभे होते. वय सत्तावन्न, मूळ महाळुंग्याचेच. गेली तेरा वर्षं हे मशीन त्यांच्या हाताखाली.

कामाला लागलो. अशा मशीनचा क्लच मोटारीसारखा नसतो. इंजिनकडून मागच्या चाकांकडे बेल्ट जातो, आणि एक छोटी पुली स्प्रिंगच्या जोरावर त्या बेल्टला ताणून धरते. पेडल दाबलं की पुली मागे सरते, बेल्ट ढिला पडतो, गाडी थांबते. पेडल सोडलं की गाडी चालते. पेडल अर्धंच दाबून ठेवलं तर बेल्ट धड ताठ नाही, धड ढिला नाही. तो घासत राहतो आणि जळतो.

पुलीची बेअरिंग बदलली, स्प्रिंग नवी टाकली, पेडलचा दांडा जरा वाकला होता तो सरळ केला, नवा बेल्ट चढवला. खंडूदादा उकिडवे बसून एकेक नट कपड्याने पुसून देत होते.

"मिस्तरी, ह्यो पट्टा टिकंल ना?"

"तुम्ही टिकवला तर टिकेल. क्लचवर पाय ठेवून चालवता तुम्ही."

"न्हाई वो. देवाशपथ न्हाई."

"बेल्ट खोटं बोलत नाही, दादा."

मग शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. कामगार विम्याचं कार्ड. "माझ्या बायकूच्या, चिमाच्या, किडन्या गेल्यात. सोमवारी शेजारीण न्हेती, गुरुवारी मी न्हेतो दवाखान्यात, रगत धुवायला. समदं ह्या कार्डावर हाय. काम गेलं तर कार्ड गेलं. मग ती किती दिस काढंल, तुमीच सांगा."

मी म्हणालो, जरा चालवून दाखवा.

ते चढले, पेडल दाबलं, गिअर टाकला, पेडल सोडलं. आणि डावा पाय उचलून त्यांनी बाजूच्या पाय टेकायच्या पत्र्यावर सपाट ठेवला. दोन फेऱ्या मारल्या. पाय एकदाही क्लचकडे गेला नाही. तेरा वर्षांचं वळण होतं ते, माझ्यासमोर केलेलं नाटक नव्हतं. नाटक करणाऱ्याची मान अवघडते, ती मला ओळखू येते.

मला माझीच लाज वाटली. ते तिन्ही बेल्ट नवशिक्या पायाने जाळले होते, आणि मी फोनवर एका शब्दात या माणसाला विकून मोकळा झालो होतो. मशीनवर ते किती तास चाललं हे दाखवणारा मीटर असतो. त्याचा आकडा मी खडूने भिंतीवर लिहिला आणि खंडूदादांना म्हणालो, रोज संध्याकाळी याच्याखाली लिहीत जा.

३

शुक्रवारी सकाळी आठला त्यांचा फोन आला. "मिस्तरी, बुधवारी लिवला त्याच्यावर चार तास जास्त दावतोय. काल तर सुट्टी व्हती."

आमच्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. मशिन्स बंद, कँटीन बंद, गेटवर एक सिक्युरिटी तेवढा. मी दुकान उघडं टाकून निघालो.

लॉनवर गवताचे बरेच पट्टे कापलेले होते, त्यातला पहिलाच बघा. सुरुवात बरी होती, मग डावीकडे गेला, घाबरल्यासारखा परत उजवीकडे आला, गुलाबाच्या वाफ्याला चाटून पुढे गेला. खंडूदादांच्या हातचं हे काम नव्हतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"चोर सापडला म्हणायचा," मी म्हणालो. मला उत्साहच आला होता. "कोणीतरी गाडी शिकतंय."

गेटवर गणराज नावाचा सिक्युरिटी असतो. तो म्हणाला, "आवाज येत होता ना मागून. मला वाटलं दादा ओव्हरटाइमला आलेत." शेडला कुलूप नसतं, दार नुसतं ओढून घेतात, आणि वहीत कुणाचं नाव नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. याच्या मनात झोपेशिवाय काही दिसेना.

मग मी सीट उलटी केली. अशा मशीनच्या सीटखाली एक बारका स्विच असतो. माणूस बसला की तो दाबला जातो. माणूस नसेल तर इंजिन सुरूच होत नाही, आणि चालू असताना उतरला तर बंद पडतं. आमच्यातले कित्येक मिस्तरी त्याच्या दोन वायरी जोडून टाकतात, कटकट नको म्हणून. इथे कुणी जोडल्या नव्हत्या. टेस्ट लॅम्प लावून बघितलं. सीट दाबली की लॅम्प लागे, सोडली की विझे. स्विच उत्तम.

म्हणजे चार तास कोणीतरी बसलेलं होतं. माणूस आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. माणसाला पकडता येतं.

बेल्ट काढून पाहिला. तीन दिवसांच्या बेल्टने चकाकी धरली होती. असे अजून दोन गुरुवार गेले की तो तुटणार, आणि त्याच्याबरोबर खंडूदादांचं कार्ड. नेहा मॅडमना मी सांगायला गेलो तर त्या लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाल्या, "सॉरी, पण कोण चालवतं हे मला नको. मला बेल्ट टिकायला हवा."

४

पुढच्या गुरुवारी नऊ वाजता मी शेडमध्ये जाऊन बसलो. दार आतून ओढून घेतलं. एरवी मशीनची किल्ली मशीनलाच असते, ती काढून खिशात ठेवली. चोर आला की आधी किल्ली शोधणार, तेवढ्यात मी त्याला धरणार, असा सोपा हिशोब होता.

ज्यांनी चालू कंपनी ऐकली आहे त्यांनाच बंद कंपनी ऐकू येते. कॉम्प्रेसर नाही, फोर्कलिफ्टचा भोंगा नाही. पत्रा तापायला लागला की मधूनच एक कडक आवाज होई, बस. फटींतून ऊन आत आलं होतं. मी खताच्या गोणीवर बसून मोबाइल बघत होतो.

सव्वादहाच्या सुमारास सीटची स्प्रिंग वाजली.

मी वर पाहिलं. सीट खाली गेली होती. कुणी जपून बसावं तशी, आधी एका बाजूने, मग सगळी. शेडमध्ये मी एकटा होतो. दार बंद होतं.

स्प्रिंग जुनी आहे, मी मनात म्हणालो. ऊन लागलं की लोखंड फुगतं. हे म्हणत असताना क्लचचं पेडल खाली गेलं. सावकाश, चाचपडत, पूर्ण खाली. मग वर आलं आणि मधेच थांबलं. नव्या स्प्रिंगचा ताण मी स्वतः बसवला होता. अर्ध्यात धरून ठेवायला चांगला सात-आठ किलोचा जोर लागतो. पेडल अर्ध्यात होतं आणि किंचित थरथरत होतं.

वडिलांचे शब्द आठवले, जा, बघून ये. मी उठलो. टेस्ट लॅम्प काढला, सीटखालच्या वायरीला लावला. लॅम्प लागला. बराच वेळ तो मी तसाच धरून बसलो. लागलेलाच होता.

स्विच अडकला असेल, अजूनही मी हेच म्हणत होतो. सीटवर दोनदा दाब दिला की सुटेल. मी तळवा सपाट करून सीट दाबायला हात खाली नेला.

हात सीटपर्यंत पोचला नाही.

वीतभर वरच कापड लागलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. कापडाखाली ऊब होती. आणि कुठेतरी माझ्या कानाजवळ, बांगड्या एकमेकींवर सरकल्यासारखा बारीक आवाज झाला.

मी कसा मागे आलो ते मला माहीत नाही. कोपर फुटलं होतं ते नंतर कळलं. दार उघडून बाहेर उन्हात भिंतीला टेकून बसलो. पळून गेलो नाही, त्याचं श्रेय धैर्याला देऊ नका. माझी हत्यारं आत राहिली होती. दोन वाजून गेल्यावर आतून स्प्रिंगचा आवाज आला. आत जाऊन पाहिलं तर सीट वर आली होती. पेडलखाली कापसाचा एक बोळा पडला होता, त्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर रक्ताचा सुकलेला ठिपका. सुई काढल्यावर दंडाला लावतात तसला.

५

घरी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? रविवारी विहारात मुलांना हवेचा दाब शिकवायचा होता, तो शिकवला. एका मुलीने विचारलं, सर, तुमच्या कोपराला काय झालं? जिन्यात घसरलो, म्हणालो.

पण मिस्तरीचं डोकं गप्प बसत नाही. किल्ली खिशात होती म्हणून मशीन चाललं नाही. मशीन चाललं नाही म्हणून बेल्ट वाचला. कोण बसतं याच्याशी मला काय करायचंय? खंडूदादांना म्हणालो, दर बुधवारी संध्याकाळी किल्ली काढून घरी न्या. चोर आपोआप कंटाळेल.

त्यांनी तसं केलं. शुक्रवारी मी गेलो. मीटरचा आकडा हलला नव्हता, बेल्ट होता तसा. उपाय लागू पडला होता. खंडूदादा मात्र खूश दिसेनात. डोळे सुजलेले.

"काय झालं?"

"चिमाचं काय खरं न्हाई, मिस्तरी. आजवर गुरुवारी दवाखान्यात मशीनवर घातली की गपगार झोपायची चार तास. सोमवारी तेवढी तळमळायची. गेल्या गुरुवारपास्नं काय झालं कुणाला ठावं. तवा निस्ती वळवळ. काल तर पाय झाडाया लागली, मला जाऊ द्या म्हणती. दोन तासातच बंद करावं लागलं. डॉक्टर म्हणले असं झालं तर रगत साफ व्हनार न्हाई."

"किती वाजता झोपायची?"

"सव्वाधाला सुई टोचत्यात. दोनला काढत्यात."

मी हातातला पाना खाली ठेवला. सोमवारी या सीटवर खंडूदादा स्वतः बसलेले असतात. गुरुवारी ती रिकामी असते. एवढा साधा हिशोब होता आणि तो सुटल्याचं मला जरासुद्धा समाधान वाटलं नाही. मी हात पुसले आणि म्हणालो, पुढच्या गुरुवारी मी येतो तुमच्याबरोबर दवाखान्यात.

६

मोठ्या हॉलमध्ये आठ खाटा, प्रत्येकीशेजारी एक मशीन, त्यात लाल नळ्या फिरत होत्या. चिमाबाई खिडकीकडच्या खाटेवर होत्या. सुकलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या, अंगावर मऊ पडलेलं सुती लुगडं, उजव्या हातात चार हिरव्या काचेच्या बांगड्या. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. लुगड्याकडे बघवेना, म्हणून नळ्यांकडे बघत राहिलो.

चादरीखाली त्यांचा डावा पाय ताणलेला होता. पंजा पुढे दाबलेला, पण पूर्ण नाही. अर्ध्यात धरलेला.

"पेटके येतात," सिस्टर म्हणाली. "डायलिसिसमध्ये बऱ्याच जणांना येतात." मी मान डोलावली. तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं.

खंडूदादा खाली औषध आणायला गेले. त्यांची पाठ वळली तशा चिमाबाईंनी डोळे उघडले.

"मिस्तरी ना तुमी?"

"हो वहिनी. तुम्ही कसं ओळखलं?"

"हात लई गार व्हता तुमचा. दचकले मी."

मी म्हणालो, "माफ करा. मला कुणी दिसलं नाही."

"तुमचा काय दोस, भावजी." त्या हसल्या. दात सगळे शाबूत होते. मग हळू आवाजात म्हणाल्या, "किल्ली ह्यांच्या खिशात हाय. त्यास्नी म्हणावं, मशीनलाच ऱ्हाऊ द्या."

"वहिनी, तुम्हाला ते मशीन..."

"खंडेनवमीला कंपनीत घरच्यास्नी बोलावत्यात न्हवं का, पूजेला. तवा ह्यांनी मला त्याच्यावर बसवलं, हार घातल्याला व्हता त्याला. म्या म्हणलं चालवून दावा की. तर म्हणले, पूजेच्या दिशी हत्यार चालवत न्हाईत, फुडं कवातरी दावीन. मग ही दुखणी लागली." त्यांनी नळीकडे पाहिलं. "हितं चार तास आपलंच रगत भाईर जाताना बघायचं. नको वाटतं. तितं बसलं की काय दुखत न्हाई. वारं लागतं. गवताचा वास येतो."

मी विज्ञान शिकवतो. या बाईला मी काय शिकवणार होतो? तरी मी मिस्तरी आहे, आणि मला एकच गोष्ट नीट येते. मी खुर्ची जवळ ओढली.

"किल्ली ठेवायला सांगतो. पण क्लचवर पाय ठेवू नका, वहिनी. बेल्ट जळतो त्याने. गाडी चालायला लागली की पाय पूर्ण उचलायचा आणि बाजूला ठेवायचा. खंडूदादा ठेवतात तसा."

"पाय काढला तर गाडी पळंल की. मग माघारी कशी यीन मी?"

"पळत नाही. गिअरमध्ये जेवढी चालायची तेवढीच चालते. ब्रेक आहे ना. नवीन माणूस भीतीपोटी पाय ठेवतो. भीती टाकायची."

मी याआधी पन्नास जणांना हेच सांगितलं होतं, याच सुरात. मग त्यांनी विचारलं, "पट्टा जळला तर काय व्हतं?"

आणि मी सांगून टाकलं. तीन बेल्ट, नेहा मॅडम, भंगार, एजन्सी, काम, कार्ड. सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तेव्हा उशीर झाला होता. खंडूदादांनी यातलं एक अक्षर घरी सांगितलेलं नव्हतं.

"माझ्यापायी व्हय," त्या म्हणाल्या. बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. "काम गेलं तर हे मरत्याल बसून बसून. त्यास्नी रिकामं बसाय येत न्हाई, भावजी."

"म्हणून म्हणतो, पाय..."

"काढते पाय," त्या म्हणाल्या.

जिन्यावर खंडूदादांच्या चपला वाजल्या तशा त्यांनी डोळे मिटले.

७

बुधवारी किल्ली मशीनलाच राहिली. गुरुवारी मी शेडबाहेर, कडुनिंबाखाली जाऊन बसलो. दार मीच उघडं ठेवलं होतं. भीती होती, पण पहिल्यासारखी नव्हती. खरं तर मी परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बापासारखा घड्याळ बघत होतो.

सव्वादहाला स्प्रिंग वाजली. पेडल खाली गेलं, इंजिन सुरू झालं, पेडल वर येऊ लागलं. अर्ध्यात थांबलं. बेल्टची ती ओळखीची किरकिर सुरू झाली, जळका वास आला.

"काढा, वहिनी," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. उन्हात, रिकाम्या कंपनीत, एका मशीनला.

पेडल वर आलं. पूर्ण वर.

किरकिर थांबली. मशीन शेडमधून बाहेर पडलं, माझ्या समोरून गेलं. मी सीटकडे पाहिलं नाही. पेडलकडे पाहिलं, ते वरच होतं. गवताचा पट्टा मागे पडत गेला, दोरी धरून ओढल्यासारखा सरळ. टोकाला जाऊन मशीन वळलं, गुलाबाच्या वाफ्याला हातभर लांब ठेवून परत आलं. मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. इतकी वर्षं लोकांना शिकवतोय, असा विद्यार्थी मिळाला नव्हता. बेल्ट अजून वर्षभर टिकेल, कार्ड राहील, गुरुवारचे चार तास या बाईला वारं लागेल. सगळ्यांचं सगळं बसलं होतं. मी डबा उघडून दोन घास खाल्लेही.

बारा वाजले. एक वाजला. निम्मं लॉन कापून झालं होतं.

दोनला मशीन शेडकडे वळेल म्हणून मी उठून दार धरून ठेवलं. मशीन वळलं नाही. ते लॉनच्या टोकाला गेलं, फिरलं, पुढच्या पट्ट्याला लागलं. दोन वाजून दहा मिनिटं. मला वाटलं, आज सुई उशिरा टोचली असेल. वीस मिनिटं. मी लॉनच्या कडेला जाऊन उभा राहिलो. ते समोरून आलं आणि माझ्याजवळून गेलं, त्याच वेगाने, त्याच सरळ रेषेत. क्लचचं पेडल वर होतं. त्यावर कुणाचा पाय नव्हता. ब्रेककडेही कुणी वळत नव्हतं.

मग माघारी कशी यीन मी, असं तिने मला विचारलं होतं. आणि मी तिला ब्रेक सांगितला होता.

"वहिनी, थांबा," मी ओरडलो. "पाय ठेवा क्लचवर. ठेवा पाय!" मशीनच्या बरोबरीने धावत सुटलो. जाळू दे बेल्ट, म्हणालो, मी नवा घालीन, दर गुरुवारी घालीन, कुणाला कळणार नाही. हे आधी का सुचलं नाही? किल्लीकडे हात नेला, आणि किल्ली काढली तर नेमकं काय बंद पडेल हे मला ठाऊक नव्हतं. हात तसाच मागे घेतला. पेडल हललं नाही. इंजिन एका सुरात चाललं होतं, इतकं छान मी ते कधी ऐकलं नव्हतं.

खिशात फोन वाजला. खंडूदादांचं नाव होतं. एकदा पूर्ण वाजून थांबला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला.

पलीकडे कुणाच्या तरी पळण्याचा आवाज, लोखंडी स्टँड ओढल्याचा आवाज.

"मिस्तरी," खंडूदादा म्हणाले, "चिमा उठत न्हाई."

मी मशीनकडे पाहिलं.

"झोपायच्या आदी मला म्हणली, मिस्तरीला फोन करून इचारा. म्या म्हणलं काय इचारू? तर म्हणली, पट्टा टिकला का, तेवढंच इचारा." त्यांचा आवाज फुटला. "मला काय उमजना, मिस्तरी. पर ती म्हणली म्हणून इचारतो. टिकला का वो?"

मशीन लॉनच्या पार टोकाला पोचलं होतं, कुंपणाला लागून. तिथून ते वळलं आणि पुन्हा माझ्या दिशेने यायला लागलं.

"टिकला, दादा," मी म्हणालो.